शुगर-बीपी हलत नसेल तर गोळ्यांसोबत झोप आणि कामाचं टेन्शनही तपासा: पायरी पायरीने

डायबेटिस किंवा बीपीचा पेशंट डॉक्टरकडे गेला की ठरलेले प्रश्न येतात, गोड खाता का, भात किती, चालायला जाता का, गोळ्या चुकतात का. आणि बरीच माणसं खरंच पथ्य पाळत असतात, भात निम्मा केलेला असतो, संध्याकाळी सोसायटीत चकरा चालू असतात, तरी उपाशीपोटीची शुगर दीडशेच्या खाली यायचं नाव घेत नाही आणि मग घरचेच म्हणतात की तू बाहेर काहीतरी खात असशील. रात्री किती वाजता आडवे होता, मध्ये किती वेळा उठता, शेवटचा कॉल किती वाजता संपतो, नवीन सुपरवायझर आल्यापासून काय चाललंय, हे मात्र कुणी विचारत नाही. डॉक्टरांकडे बाहेर तीस पेशंट बसलेले असतात, त्यांना वेळ नसतो. म्हणून ही माहिती आपणच गोळा करून त्यांच्यासमोर ठेवायची, आणि ती कशी गोळा करायची, त्यातलं आपल्या हातात काय आहे, ते इथे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, हे गोळ्यांच्या ऐवजी नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला असेल तर तो घ्यायचाच, हे सगळं त्याच्यासोबत करायचं.

शरीरात नेमकं काय होतं

टेन्शन आलं की शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही टेन्शनची हार्मोन्स सोडतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात ढकलतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. समोर खरा धोका असेल तर हे कामाचंच आहे, पळायला ताकद लागते. पण धोका म्हणजे रात्री साडेदहाला आलेला मेल असेल तर ती साखर वापरली जातच नाही, तुम्ही खुर्चीतच बसलेले असता, आणि हे रोज चाललं की इन्सुलिनचा परिणाम कमी पडायला लागतो.

झोपेचंही तसंच. रात्री झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के खाली उतरतं, तेवढाच हृदयाला आणि किडनीला आराम असतो. झोप तुटत राहिली की बीपी उतरतच नाही. साखरेबद्दल शिकागो युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद कमी झाली आणि संध्याकाळचं कॉर्टिसोल वाढलं. २००८ मध्ये तिथेच आणखी एक प्रयोग झाला, त्यात झोपेचे तास तेवढेच ठेवले पण आवाज करून गाढ झोप लागू दिली नाही, माणूस जागा होणार नाही इतपतच आवाज. तीन रात्रींत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे २५ टक्क्यांनी घसरला. म्हणजे सात तास अंथरुणात होतो एवढ्याने भागत नाही, झोप कशी होती तेही बघायला लागतं. आणि ही सगळी धडधाकट तरुण माणसं होती, ज्याला आधीच डायबेटिस आहे त्याचं काय होत असेल विचार करा.

कामाच्या तासांबद्दल जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक मोठा अहवाल काढला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हार्टच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त, असं त्यात आहे. आपल्याकडे ५५ तास म्हणजे कित्येकांचा साधा आठवडा आहे, वर बदलापूर किंवा विरारची लोकल वेगळी.

आणि हे एकमेकांना धरून चालतं हे लक्षात घ्या. टेन्शनने झोप जाते, झोप गेली की दुसऱ्या दिवशी छोटी गोष्टही अंगावर येते, शुगर वाढते, शुगर वाढली की रात्री लघवीला उठायला लागतं, परत झोप तुटते. त्यामुळे कुठून तरी एका जागी हात घालायचा, सगळं एकदम करायची गरज नाही.

पायरी १: दोन आठवड्यांची वही

साधी शंभर पानी वही घ्या, अॅप नको, कारण अॅप उघडलं की मोबाईल हातात येतो आणि मग अर्धा तास जातो. सकाळी उठल्यावर रात्रीचं लिहायचं: दिवा किती वाजता बंद केला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळा जाग आली आणि कशाने (लघवी, घाम, खोकला, दुखणं, लहान मूल, विचार), शेवटी किती वाजता उठलात, उठल्यावर फ्रेश वाटलं का डोकं जड होतं. अंदाजच लिहायचा, रात्री घड्याळ बघत बसायचं नाही, घड्याळ बघितलं की झोप अजून लांबते.

संध्याकाळी दिवसाचं लिहायचं: काम किती वाजता संपलं, जेवणाच्या वेळा, शेवटचा चहा किती वाजता, आणि टेन्शन ० ते १० मध्ये किती. आकडा ७ च्या वर असेल तर पुढे एक ओळ, नेमकं काय झालं. ही एक ओळ फार महत्त्वाची आहे, पाचव्या पायरीत तीच लागते.

सोबत शुगर-बीपीचे आकडे. शुगर घरी मोजत असाल तर आठवड्यातून तीन-चार सकाळी उपाशीपोटी, त्यातली एक सुट्टीच्या दिवसाची, आणि नाईट शिफ्ट असेल तर एक त्यानंतरची. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू-सिगारेट नको, लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेबलावर, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधला तर जो आकडा येतो त्याचा काही उपयोग नाही. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते जास्त धरतात.

स्मार्टवॉच असेल तर झोपायची-उठायची वेळ त्यातून घ्या, पण गाढ झोप किती हा त्यातला आकडा फार मनावर घेऊ नका, तो अंदाज असतो.

दोन आठवडे झाल्यावर वही घेऊन बसा आणि जोड्या लावा. सहा तासांपेक्षा कमी झोप झालेल्या सकाळी शुगर किती होती, चांगली झोप झालेल्या सकाळी किती. सोमवारचं बीपी आणि रविवारचं बीपी. एखाद्या आकड्यावरून काही ठरवू नका, आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालेलं असू शकतं, पण तोच फरक परत परत दिसला तर तो खरा समजा.

पायरी २: घोरणं हसण्यावारी नेऊ नका

माझ्या मते अख्ख्या लेखात ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच लोक सोडून देतात. घोरताना घसा बंद होऊन श्वास काही सेकंद थांबतो, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा करतो आणि परत झोप लागते, रात्रभर असं चाललं तरी माणसाला सकाळी काहीच आठवत नाही. त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही अशा पेशंटमध्ये हा खूप वेळा सापडतो.

कळतं कसं? शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. बायको किंवा नवरा सांगेल की मध्येच आवाज बंद होतो आणि मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो. डॉक्टर वापरतात ते आठ प्रश्न असे: जोरात घोरता का, दिवसा थकवा किंवा पेंग येते का, झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर आहे का, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का, पुरुष आहात का. तीन किंवा जास्त हो आले तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की अॅप्नियाची तपासणी करायची का. पण वजन फार नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आपल्याकडे मध्यम बांध्याच्या लोकांनाही हा होतो. आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हा वाढतो, त्यांच्यात घोरण्यापेक्षा नुसता थकवा, झोप न लागणं, सकाळचं डोकं दुखणं अशीच लक्षणं बऱ्याचदा असतात, मग सगळे म्हणतात की वयामुळे होतंय.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात, आता घरी मशीन देऊनही करतात. निघालाच तर वजन कमी करणं, कुशीवर झोपणं आणि बऱ्याच जणांना सीपॅप मशीन, जे मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. पहिले काही आठवडे मास्क नकोसा होतो, नाक कोरडं पडतं, बरेच जण तिथेच सोडतात. सोडू नका, मास्कचा साईज बदलून बघा, कंपनीच्या माणसाला परत बोलवा. बीपी त्याने थोडं उतरतं, दिवसाची पेंग मात्र बऱ्याच जणांची लक्षात येईल इतकी जाते. अॅप्नियाचा संशय असेल तोवर दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी दोन्ही बंद, दोन्हींनी घसा अजून सैल पडतो. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर तपासणी होईपर्यंत हायवेवर गाडी चालवूच नका, ड्रायव्हर लोकांनी तर हे अजिबात टाळू नये.

पायरी ३: आजारच झोप मोडतोय का, औषध मोडतंय का

रात्री दोन-तीनदा लघवीला उठत असाल तर आधी शुगर बघा, रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून जायला लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. पन्नाशीनंतर पुरुषांना प्रोस्टेटचंही कारण असू शकतं. अॅप्नियामुळेही रात्री लघवी जास्त होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असेल आणि रात्री घामाघूम होऊन उठत असाल, वाईट स्वप्नं पडत असतील, सकाळी डोकं दुखत असेल, तर झोपेत शुगर खाली जात असू शकते. तशी जाग आली की लगेच ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. याला झोपेचा प्रॉब्लेम समजून थांबू नका.

दम्याच्या पेशंटला पहाटे खोकला येऊन जाग येत असेल तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ, पंपाची पद्धत आणि डोस परत तपासून घ्या. अॅसिडिटीवाल्यांनी जेवण आणि झोप यात तीन तास ठेवायचा प्रयत्न करावा. संधिवातात झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. आणि रात्री पायात ओढ, वळवळ होऊन पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा, लोह कमी असलेल्या बायकांमध्ये हे बरंच दिसतं.

औषधांची यादी घेऊन वेळा विचारा. बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर रात्र बाथरूममध्ये जाणारच, स्टेरॉईडची गोळी उशिरा घेतली तर झोप उडते, थायरॉईडचा डोस जास्त झाला तरी झोप जाते आणि धडधड होते. मेडिकलमधून विचारून आणलेल्या काही सर्दीच्या गोळ्यांनी तर झोपही जाते आणि बीपीही वाढतं. वेळ स्वतःहून बदलू नका, फक्त विचारा, बऱ्याचदा डॉक्टर लगेच हो म्हणतात.

पायरी ४: झोप सुधारायची

झोपायची वेळ ठरवून काही होत नाही, उठायची वेळ ठरवा. सुट्टी असो, नसो, ती एकच, फार तर तासभर इकडे तिकडे. उठल्यावर गॅलरीत किंवा गच्चीवर वीस-तीस मिनिटं उजेडात घालवा, चहा तिथेच प्या, शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं.

चहा-कॉफी झोपायच्या किमान सहा तास आधी बंद. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे ऑफिस सुटताना टपरीवरचा सातचा कटिंग रात्री बारालाही अर्धा अंगात असतो. मला चहाने काही होत नाही म्हणणाऱ्यांना झोप लागतेही, पण ती उथळ होते.

जेवणाचं म्हणाल तर आपल्याकडे रात्री दहाला जेवायची सवय झाली आहे, घरी पोचायलाच नऊ वाजतात. मग असं करता येतं, पोळी-भाजीचा एक छोटा डबा जास्तीचा न्या आणि सात-साडेसातला ऑफिसमध्येच खा, घरी आल्यावर फक्त भाजी-ताक किंवा मुगाचं वरण. रात्री उशिराच्या जड जेवणाने सकाळची शुगर वाढते ती आपोआप कमी व्हायला लागेल. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळीवर असाल तर जेवणाची वेळ बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

अंथरूण फक्त झोपेसाठी. तिथे लॅपटॉप नको, भांडण नको, बँकेचे हिशोब नकोत. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. हे विचित्र वाटतं पण जुन्या निद्रानाशावर झोपेच्या गोळीच्या आधी करायचा जो उपचार आहे, सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि विचार बदलायचा उपचार), त्यातला हा मुख्य भाग आहे आणि १९७० च्या दशकापासून वापरात आहे. तीन महिन्यांच्या वर आठवड्यातून तीन-तीन रात्री झोप लागत नसेल तर हा उपचार येणाऱ्या सायकॉलॉजिस्टला भेटा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या शेजाऱ्याकडून घेऊन खाऊ नका, सवय लागते आणि वयस्कर माणसं रात्री पडतात.

वामकुक्षी चालेल, पण वीस-तीस मिनिटं आणि तीनच्या आत.

आता खोली अंधारी-शांत ठेवा हे सांगणं सोपं आहे, पण वन आरके मध्ये पाच माणसं, टीव्ही त्याच खोलीत, मुलाचा दहावीचा अभ्यास तिथेच, तिथे काय करायचं? तिथे घरात बसून एक वेळ ठरवा, अकराला टीव्ही आणि मोठा दिवा बंद, अभ्यासाला टेबल लॅम्प भिंतीकडे तोंड करून, तुम्ही डोळ्यावर सुती कापड बांधा, कानाला इअरप्लग लावा, पंख्याचा आवाजही बाकीचे आवाज झाकतो. आजारी माणसाची झोप ही औषधाइतकीच जपायची गोष्ट आहे हे घरच्यांना एकदा नीट बसून सांगायला हवं.

पायरी ५: कामाचं टेन्शन

ध्यान करा, पॉझिटिव्ह राहा, एवढ्यावर हा विषय संपवतात ते मला पटत नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस तेवढा खचत नाही, काम जास्त आणि ते कसं-कधी करायचं हे ठरवायची मुभा नाही, तेव्हा खचतो. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून व्हाईटहॉल दोन नावाचा अभ्यास चालू आहे, त्यातही कामावर ताबा कमी असणाऱ्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसला. म्हणजे मोठ्या साहेबांपेक्षा खालच्या क्लार्कला धोका जास्त.

म्हणून वहीतल्या ७ च्या वरच्या ओळी काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा, हे कशाचं होतं: वेळेचं, माणसाचं, का भीतीचं (नोकरी, ईएमआय, टार्गेट). मग बघा की तुम्ही काय मागू शकता. सगळं नाही, एकच गोष्ट. शेवटचा कॉल नऊच्या आधी व्हावा, आठवड्यातले दोन दिवस तरी. जेवणाची सुट्टी ठरलेल्या वेळी मिळावी. नाईट सलग लावू नयेत. सोबत डॉक्टरांचं पत्र असलं तर मागणी जास्त ऐकली जाते, त्यात एवढंच हवं की पेशंटला ठरलेल्या वेळी जेवण, औषध आणि पुरेशी झोप वैद्यकीय कारणासाठी गरजेची आहे. एचआरशी तोंडी बोलणं झालं तरी नंतर एक मेल टाकून ठेवा. कंत्राटी कामगाराला हे मागणं किती अवघड आहे हे मला कळतं, तिथे निदान ओळखीच्या साथीदाराशी शिफ्ट बदलून घेणं, डबा वेळेवर खाणं एवढ्यापासून सुरू करा.

घरी आल्यावर झोपायच्या दोन तास आधी दहा मिनिटं उद्याची कामं कागदावर लिहून काढा, नुसती काळजी नाही, उद्या पहिलं पाऊल काय तेही. रात्री डोक्यात तेच फिरत राहतं ते याने कमी होतं. मग पाच-दहा मिनिटं संथ श्वास, मिनिटाला साधारण सहा, सोडताना जास्त वेळ.

बायकांचं वेगळं लिहायलाच हवं. पहाटे पाचला डबे, मग नोकरी, मग रात्री सगळ्यांचं आवरून शेवटी झोपणार त्याच, आणि मग म्हणायचं की तुमची शुगर कंट्रोलमध्ये का येत नाही. अशा घरात सगळ्यात मोठा उपचार म्हणजे रात्रीची भांडी किंवा सकाळचे डबे दुसऱ्या कुणीतरी घेणं, तासभर झोप तिथूनच मिळते.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस नसेल, तर ते नुसतं टेन्शन समजू नका, डायबेटिसवाल्यांमध्ये डिप्रेशन जास्त आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलीमानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा, घरच्यांनाही सांगा.

पायरी ६: थर्ड शिफ्टवाल्यांसाठी

चाकण, भोसरी, बुटीबोरी, वाळूज, कुठेही जा, तीन शिफ्ट आहेत, आणि हॉस्पिटलातल्या सिस्टर, सिक्युरिटी गार्ड, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे आयटीवाले वेगळे. यांना वरचं सगळं जसंच्या तसं करता येणार नाही. रोटेशन मागता येत असेल तर फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर थर्ड असं पुढे सरकणारं मागा, उलटं शरीराला जास्त जड जातं.

जेवण शिफ्टला जायच्या आधी, आठ-नऊला पोटभर, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत जमेल तेवढं कमी. २०२१ मध्ये एक प्रयोग झाला, त्यात नाईटसारखं जागवूनही ज्यांना फक्त दिवसा जेवण दिलं त्यांची साखर बिघडली नाही, रात्री जेवणाऱ्यांची वाढली. पण गोळीमुळे किंवा इन्सुलिनमुळे शुगर खाली जात असेल तर उपाशी राहू नका, फुटाणे-दाणे सोबत ठेवा, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज.

चिठ्ठीवर सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं असतं, पण तुमची सकाळ दुपारी दोनला होत असेल तर काय? हा प्रश्न डॉक्टरांना विचाराच, शिफ्टचा तक्ता दाखवून प्रत्येक गोळीची वेळ लिहून घ्या. घरी येऊन लगेच झोपा, जाड पडदा किंवा चादर खिडकीला, दाराची बेल बंद, आणि पाहुणे-बँक-रेशन ही कामं झोप झाल्यावर. सलग सात तास जमत नसेल तर सकाळी पाच आणि शिफ्टच्या आधी दीड-दोन असे तुकडे चालतील.

पायरी ७: डॉक्टरांसमोर एक पान

अख्खी वही देऊ नका, बघायला वेळ नसतो. एका पानावर लिहा: सरासरी झोप किती तास, रात्री किती वेळा जाग आणि कशाने, घोरणं-श्वास थांबणं आहे का, चांगल्या आणि वाईट झोपेनंतरची शुगर, कामाच्या दिवसाचं आणि सुट्टीचं बीपी, शिफ्ट, सगळ्या औषधांची खरी वेळ. खाली तीनच प्रश्न, अॅप्निया तपासायचा का, कुठल्या औषधाची वेळ बदलायची का, २४ तासांचं बीपी मशीन लावून रात्रीचं बीपी बघायचं का.

झोप सुधारायला लागली की इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड घेणाऱ्यांची शुगर पूर्वीच्याच डोसवर जास्त खाली जाऊ शकते, त्यामुळे पहिले काही आठवडे मोजणी वाढवा आणि ७० च्या जवळ आकडे दिसायला लागले तर डोसबद्दल लगेच विचारा. बीपीचा फरक काही आठवड्यांत वहीत दिसायला लागेल, पण एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून बदल सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी ते करून आणू नका, तीन महिने झाल्यावरच करा आणि तोवर वहीतले उपाशीपोटीचे आकडे बघत राहा.